तौसीफच्या आधी गाणारा

१

सगळा दोष बाळासो मामाचा. हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्याकडं माणूस वयानं मोठा असला की त्याच्या चुकीला 'नशीब' म्हणायची पद्धत आहे. नशीबबिशीब काही नाही. मामानं एका दुपारी चहाचा कप बाजूला ठेवून, दोन बोटांनी टाइप करून हे केलं, आणि वर मलाच म्हणाला, "बघ, काम झालं का न्हाय?"

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. शिवाजी पेठेत पिठाच्या गिरणीला लागून त्याचं दुकान. पूर्वी तिथनं शाहिरीच्या आणि देवाच्या गाण्यांच्या कॅसेट निघायच्या. कॅसेट मेली, सीडी मेली, मामाचा रुबाब तेवढा मेला नाही. आता मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून स्टुडिओ केलाय, आणि पुढच्या काउंटरला कॉम्प्युटरवर मी. लोकांची गाणी मोबाइलमधल्या गाण्यांच्या अ‍ॅपवर चढवायची, हे माझं काम. वाटतं तितकं सोपं नाही. गाणं पाठवलं की तिकडं कुठंतरी बसलेलं माणूस ते तपासतं. चित्र नियमात आहे का, गायलं कोणी, लिहिलं कोणी, चाल कोणाची. एक गोष्ट चुकली की गाणं परत.

मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. सर लोक पिवळ्या पडलेल्या नोट्स फळ्यावर उतरवायचे, आम्ही फळ्यावरनं वहीत उतरवायचो, आणि ह्या उतरवाउतरवीला घरचे शिक्षण म्हणायचे. मी नाही म्हटलं. तेव्हापासून चारचौघांत माझा विषय निघाला की आई भाजीत मीठ बघायला आत जाते.

म्हणून ह्या गाण्याचं मला एवढं होतं. कोल्हापुरात तालमीत कुस्तीइतकाच फुटबॉल चालतो, आणि आमच्या तालमीची टीम फायनलला गेली होती. तिच्यासाठी चाल मी बांधली, हलगीपासून सगळं मी जुळवलं. रविवारी मॅच. त्याच्या आत गाणं अ‍ॅपवर यायला हवं होतं, आणि त्याच्याखाली लिहिलेलं हवं होतं, संगीत: ऋतुराज. आईच्या हातात मोबाइल द्यायचा आणि म्हणायचं, वाच. बाकी काही नको होतं मला.

२

रेकॉर्डिंग सोमवारी केलं, कारण सोमवारी गिरणी बंद. इतर दिवशी प्रत्येक गाण्यात थोडं जोंधळ्याचं पीठ पडतं.

गायला तौसीफ. माझा शाळेपासूनचा दोस्त, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. भट्टीच्या आवाजाच्या वर ओरडून ओरडून त्याचा गळा असा झालाय की माइकनं दोन पावलं मागं सरावं. कोरसला टीमचीच पोरं. प्रॅक्टिसवरनं थेट चिखलाच्या पायांनी आली आणि त्या कोंदट खोलीत गोठ्यातल्या म्हशींसारखी दाटीवाटीनं उभी राहिली.

"ऋत्या, तू बी म्हण की रं मागनं," गोलकीपर जोतीराम म्हणाला.

"त्याला नगं!" तौसीफ ओरडला. "हा गायला लागला तर गिरणीवाला सुट्टी मोडून येतोय पट्टा तुटला का बघायला."

सगळी खो खो हसली. मीही हसलो. खरंच आहे ते. चाल डोक्यात असते, गळ्यातनं बेडूक निघतो. शाळेत प्रार्थनेला मास्तर मला नुसतं तोंड हलव म्हणायचे.

तशी दुपार माझ्या आयुष्यात दुसरी झाली नाही. हलगी सकाळीच वाजवून घेतली होती. ती सुरू झाली की भिंती उभ्या जागी ठेका धरत होत्या. तौसीफ ओळ टाकायचा, पोरं ती अशी उचलायची की जणू गोलच झालाय. शेवटच्या कडव्याला सगळी नाचायलाच लागली आणि एका गादीचा कापूस बाहेर आला. मामानं दारातनं डोकं घातलं. "आरं, स्टुडिओ हाय का आखाडा?" म्हणून शिवी हासडली, आणि मग तिथंच उभा राहून मांडीवर ठेका धरला.

नंतर सगळ्यांनी मिळून ऐकलं. अंगावर काटा आला. पोरं खोलीत जेवढी खुशीत गायली होती, त्यापेक्षा गाणं जास्त खुशीत होतं.

हे मला तेव्हा चांगलंच वाटलं.

३

गाण्याचं चित्र संयोगितानं केलं. ही मामाची पोरगी, डिजिटल बोर्डाच्या, म्हणजे फ्लेक्सच्या, दुकानात डिझाइनचं काम करते. तिनं नुसता चिखलानं माखलेला बूट आणि बॉल काढला. झकास.

मामा म्हणाला, "ह्यात माणसं कुठं हायत?"

त्याला स्वतःचा फोटो पाहिजे होता, तालमीच्या अध्यक्षाचा पाहिजे होता, शुभेच्छुकांची रांग पाहिजे होती, आणि खाली दुकानाचा फोन नंबर.

"बाबा, हे कुणाच्या वाढदिवसाचं डिजिटल न्हाय," संयोगिता म्हणाली.

"तू गप. सगळ्यांना अ‍ॅडजस्ट करावं लागतंय. एकाला गाळलं तर त्यो जलमभर बोलत न्हाय. ऋत्या, घाल."

घातलं. गाणं परत आलं. चित्रावर फोन नंबर चालत नाही. काढला. मग मामानं माझ्या नकळत गाण्याच्या नावापुढं 'सुपरहिट' लावलं. परत आलं. तेही काढलं.

"तिकडं बसलेल्याला कोल्हापूरचं काय कळतंय?" मामा म्हणाला. "चढायच्या आधी सुपरहिट म्हटल्याबिगर सुपरहिट व्हतंय व्हय?"

संयोगिता आणि मी काउंटरखाली तोंड घालून हसलो.

तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा मी हसतच उघडलं. मजकूर नेहमीसारखा इंग्रजीत, कोरडा. अर्थ एवढाच, की ह्या गाण्यात आणखी एक मुख्य गायक आहे, त्याचं नाव दिलेलं नाही, ते भरा.

मी कळवलं, तो कोरस आहे.

उत्तर आलं, कोरस नव्हे. मुख्य गायकाच्या आधी गाणारा.

४

शेजारी गिरणी घरघरत होती. मी मागच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि हेडफोन घातले.

पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. मग सापडलं. तौसीफ ओळ उचलायच्या आधी छातीभर श्वास घेतो. त्या श्वासात कोणीतरी तीच ओळ गाऊन मोकळं होत होतं. बारीक, पण अख्खी ओळ. कोवळा, पक्का सुरातला आवाज. आणि हसत गाणारा. माणूस ओठ फाकवून गायला की कळतं ना ऐकताना, तसा.

एकदा ऐकू आल्यावर मग तो ऐकू यायचा थांबेना.

मामाला ऐकवलं. मामानं डोळे मिटून मान हलवली. "टेपवर असं व्हायाचं. रीळ गुंडाळून ठिवलं की एका वेटोळ्याचा आवाज दुसऱ्या वेटोळ्यावर उठायचा. गाणं सुरू व्हायच्या आदीच ऐकू यायचं. तुमच्या पिढीला ठाऊक न्हाय."

"मामा, हितं टेप कुठं हाय?"

मामा कॉम्प्युटरच्या मागं वाकून बघून आला. मोठ्या माणसांचं हे असं. उत्तर तयार असतं, फक्त दुसऱ्या प्रश्नाचं असतं.

मी माझी डोकेफोड केली. तौसीफच्या कानातल्या हेडफोनमधनं काही गळलं असेल? पण त्याच्या कानात मी पेटीवर वाजवलेली चाल होती, शब्द नव्हते. एखादं पोरगं घाईनं आधी म्हणत असेल? पण पोरांना शब्दच त्या दुपारी मिळाले. तौसीफचा ट्रॅक एकटा लावला. होता. पोरांचा एकटा लावला. होता.

मग हलगीचा लावला. हलगी घेतली तेव्हा खोलीत हलगीवाला आणि मी, दोघंच. तौसीफ अजून एमआयडीसीत होता.

कडकडाटाच्या मागं, लांबनं, तो अख्खं गाणं गात होता. मुखड्यापासनं शेवटपर्यंत. मजेत.

५

तौसीफ रात्रपाळी करून सकाळीच आला. मला वाटलं, घाबरेल. त्यानं ऐकलं आणि दात काढले.

"नाद खुळा! कोण हाय रं ह्यो?"

"कोण न्हाय."

"मग कोण न्हाय त्यो लईच भारी गातोय."

खरंच भारी गात होता. तीच तर पंचाईत. मी त्याचा आवाज पुसून बघितला होता. उरलेलं गाणं साय काढलेल्या दुधासारखं लागत होतं. पुसलं तर गाणं जातं, ठेवलं तर नाव मागतात.

"तौसीफ, परत गा. एखादा शब्द बदल. कुठला ते मला सांगू नको. स्वतःबी आधी ठरवू नको. तोंडात यील त्यो."

तो आत गेला. मी खिडकीतनं बघत होतो. डोळे मिटून, मुठी आवळून गायला लागला. दुसऱ्या कडव्यात 'पेठेची शान' अशी ओळ होती. तिथं त्याला एकदम चेव आला आणि त्यानं पेठेच्या जागी स्वतःच्या आईचं नाव टाकलं, 'हाफिजाची शान', आणि फिस्सकन हसला.

बाहेर आला तो नाचतच. "कसं घातलं अम्मीला गाण्यात! ऐकली तर लाटणं घीऊन मागं लागती."

मी ते परत लावलं. तौसीफचा श्वास. त्या श्वासात, त्याच्या आधी, त्या आवाजानं म्हटलं, हाफिजाची शान. आणि हसला. हुबेहूब तौसीफचं हसणं, तौसीफच्या आधी.

तौसीफनं हेडफोन काढले. ते टेबलावर ठेवले, मग उचलून अजून लांब ठेवले.

"मला तर आत जाईस्तवर ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "त्याला कुणी सांगितलं?"



मग मी ठरवलं. ही खोली नको, हे रेकॉर्डिंग नको. तालमीत जायचं, उघड्यावर, सगळं नव्यानं गायचं. शनिवारपर्यंत होईल. नाही झालं तर रविवार चुकेल, पण माझ्या नावाखाली हे असलं जाणार नाही. मामाला तसं स्पष्ट सांगितलं. "कशाला हात लावू नका," एवढं मराठीत सांगितलं, आणि पोरांना गोळा करायला बाहेर पडलो.

६

परत आलो तर मामा माझ्या खुर्चीत. समोर चहा.

"पाठवलं," मामा म्हणाला. "बघ, काम झालं का न्हाय?"

मी स्क्रीन बघितली. जुनंच गाणं. संगीत: बाळासो. गायक: तौसीफ, ऋतुराज.

"मामा, चाल माझी हाय!"

"दुकान कुणाचं? माइक कुणाचा? आणि तुला काय गाळलाय व्हय मी? अ‍ॅडजस्ट केलंय. त्यास्नी गायकाचं एक नाव पायजे हुतं, तुझं नाव मोकळं हुतं."

"मी गायलोच न्हाय!"

"कोण बघाय येतंय? नाव लागल्याशी मतलब."

मी त्याला काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही, पण एक वाक्य लिहितो. "जलमभर दुसऱ्याच्या गळ्यावर स्वतःचं नाव छापून जगलासा तुम्ही." मामाचा चेहरा उतरला नाही. त्यानं बशीत चहा ओतला आणि फुर्रर करून प्याला. ह्या लोकांची लाज तळाशी बसलेली असते, ढवळायला वेगळा चमचा लागतो.

मी दुरुस्ती करायला बसलो. एरवी उत्तर यायला निदान अर्धा दिवस जातो. मामाचा चहा अजून गरम होता आणि गाणं मंजूर झालं होतं. खाली तपासणाऱ्यानं दोन ओळी लिहिल्या होत्या. आजवर तिकडनं जादा एक शब्द आला नव्हता, आणि इंग्रजी सोडून तर कधीच काही नाही. ह्या मराठीत होत्या.

'अभिनंदन, ऋतुराज. फार छान गातोस.'

मी लगेच दुरुस्ती पाठवली. हे नाव चुकून लागलं आहे, काढून टाका. उत्तर यायला वेळ लागला नाही.

'ही विनंती ऋतुराज यांनी स्वतः करावी.'

७

गाणं पेठेत असं पेटलं की बोलायची सोय नाही. चहाच्या गाड्यावर तेच, रिक्षात तेच, दूध घालणाऱ्याच्या खिशात तेच. म्हाताऱ्या बायका जिना चढताना मुखडा म्हणत होत्या. ज्यानं ऐकलं तो खूश. दोन गल्ल्यांचं जुनं भांडण होतं, त्यांची पोरं एका मोबाइलवर ऐकताना मी बघितली. मला रस्त्यात थांबवून लोक म्हणायचे, "कसला गळा रं तुझा!" मी सांगायचो, मी चाल बांधली, गायलो नाही. कोणी ऐकून घ्यायला तयार नाही. विनयशील आहे पोरगं, म्हणायचे. मला आयुष्यात पहिल्यांदा विनयशील म्हटलं ते असं.

शनिवारी घरी गेलो तर आईनं मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. गाणं चालू. ती पोळी लाटत होती आणि डोळे पुसत होती, हसत होती.

"आई, ती चाल माझी हाय."

"आणि गळा?"

"गळा माझा न्हाय गं."

"गप. पोटच्या पोराचा आवाज कळत न्हाय व्हय मला? बारका असताना मोरीत असाच गायचास. पाणी संपलं तरी बाहेर यायचा न्हाईस."

मी मोरीत कधी गायलो नाही. मी कुठंच कधी गायलो नाही. हे तिला सांगायला पाहिजे होतं. पण ती माझ्याकडं बघून हसत होती, डिप्लोमा सोडल्यापासून पहिल्यांदाच, आणि ते मला मोडवेना. 

तिनं शेजारच्या दोन बायकांना हाका मारून माझं नाव सांगितलं. गव्हाची खीर केली. ताट वाढून म्हणाली, "ऋतू, चल जेवाय."

"आलो," मी म्हणालो.

तिचा हात मध्येच थांबला. कपाळाला आठी पडली, अनोळखी माणूस फोनवर बोलला की पडते तशी.

"घसा बसलाय व्हय रं?" तिनं विचारलं. "आवाज कसला यायलाय तुझा."

८

रविवारी आम्ही जिंकलो. टायब्रेकर. जोतीरामनं शेवटचा फटका छातीनं अडवला आणि अर्धी पेठ कुंपण ओलांडून मैदानात.

मिरवणूक उजेडातच निघाली. पुढं हलगी, मागं ट्रॅक्टर, ट्रॉलीवर टीम आणि भलेमोठे स्पीकर. गुलाल इतका की रस्त्यावर माणसं नव्हती, नुसते दात होते. मी नाचलो. खोटं कशाला बोलू, जीव तोडून नाचलो. चाल माझी होती आणि हजार माणसं तिच्यावर उड्या मारत होती.

गर्दीत कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. संयोगिता. मी तिच्याकडं बघून हसलो.

"ओ, जरा सरका की," ती म्हणाली. "फोटो काढायचाय."

मला ती जन्मापासून ऋत्या म्हणते. तोंडाला गुलाल आहे म्हणून ओळखलं नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग बाहीनं तोंड पुसलं आणि तिच्यासमोर उभा राहिलो. तिनं पुन्हा, नम्रपणे, हातानं बाजूला व्हायची खूण केली. मोबाइल ट्रॉलीकडं धरलेला.

तेव्हा मला ऐकू आलं. स्पीकरमधलं नाही. स्पीकरच्या आधी. ओळ यायच्या आधी कोणीतरी ती उघड्या गळ्यानं फेकत होतं, आणि लोक त्याच्या पाठोपाठ जात होते, स्पीकर सगळ्यांच्या शेवटी.

ट्रॉलीवर जोतीरामनं एकाला खांद्यावर घेतलं होतं. पाठ माझ्याकडं. नखशिखांत गुलाबी. डोकं मागं टाकलेलं. तौसीफ खाली उभा राहून त्याच्याकडं हात करून रडत होता, खुशीनं. सगळी ओरडत होती, "ऋत्या! ऋत्या!"

मी हात वर केला. एकानंही माझ्याकडं बघितलं नाही.

खांद्यावरचा वळायला लागला. गाल दिसला, हसताना वर चढलेला. मी खाली बघितलं. रस्त्याकडं. माझ्या चपलांकडं. तो पूर्ण वळला असणार, कारण सगळी एकदम आणखी जोरात ओरडली.

मी घरी निघालो. पळत नव्हतो, पळायला काय झालंय, असं मनाशी म्हणत होतो. गर्दी मागं होती, तो गर्दीत होता, आणि मी आमच्या गल्लीत एकटाच शिरत होतो. आवाज लांब लांब होत गेला.

जिना चढलो तर घराच्या दाराला आतनं कडी. मोरीत पाणी पडत होतं. कोणीतरी अंगावरचा गुलाल धुताना गात होतं आणि स्वयंपाकघरातनं आई त्याला ठेका देत होती, ताटावर, उलथन्यानं. तिचं असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. घर चांगलं वाटत होतं. बाहेरनं बघणाऱ्याला आत यावंसं वाटेल, असं.

मी दार वाजवलं.

आईनं दार उघडलं. पदराला पीठ, चेहरा फुललेला. तिनं मला वरनं खाली बघितलं, आणि दारात आलेल्या कुणाशीही बोलते तितक्याच मायेनं म्हणाली,

"कोण पायजे, पावणं?"

मला माझं नाव सांगायचं होतं. तोंड उघडलं, पण ते नाव आत मोरीत होतं, गात होतं.

आईनं मान मागं वळवली. तिनं हाक मारायला तोंड उघडायच्या आतच मोरीतनं हसरा, कोवळा आवाज आला,

"आलो, आलो!"

"ऋतू," आई म्हणाली, "बघ रं, कोण आलंय."

ओल्या पायांचा आवाज दाराकडं यायला लागला. मी जिना उतरलो.

त्या गाण्यापायी माझं नाव गेलं, घर गेलं, आणि चाल मामाच्या नावावर राहिली.